न मिटणारे टेबल

माझ्या वडिलांचा हात आयुष्यात एकदाच चुकला, असे आमच्या घरात मानले जाते. तो चुकला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि जवळजवळ चाळीस वर्षे मी ते कोणालाही सांगितले नाही. चोरी, फसवणूक, अपमान अशा भारदस्त शब्दांत बसेल असा तो गुन्हा नव्हता. कदाचित म्हणूनच तो इतका काळ माझ्याजवळ सुखाने नांदू शकला. बोटाच्या दोन पेरांएवढी एक पोलादी पिन मी एका दुपारी टेबलाखाली ठोकली आणि नंतर गप्प बसलो. पिन ठोकायला दोन मिनिटे लागली. गप्प बसणे मात्र दररोज करावे लागले. मी मुळातच हळू बोलणारा माणूस आहे, त्यामुळे माझे हे गप्प बसणे कोणाच्या लक्षात आले नाही. लोकांना तो स्वभाव वाटला.

हे सगळे आज लिहायला बसण्याचे कारण माझी मुलगी मुग्धा. आमच्या आताच्या, रुआबांध्याच्या घरावर वरचा मजला चढणार आहे, सामान हलवायचे आहे, आणि ते लांबलचक टेबल ठेवायला जागा नाही. मुग्धाने त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, मोबाइलवरच्या विक्रीच्या पानावर टाकले, आणि वर लिहिले : विंटेज मॉडर्निस्ट डायनिंग टेबल, रशियन, अस्सल लाकूड. ‘‘पापा, लोग ऐसी चीज़ें ढूँढते फिरते हैं,’’ ती मला समजावून सांगत होती. आमच्या घरात ज्याला आयुष्यभर नुसते ‘रशियन’ म्हटले गेले, त्याला एवढे मोठे आडनाव आहे हे मला तेव्हा कळले. मी कौतुकाने वाचत गेलो आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. तिथे लिहिले होते : टेबल उघडेच राहते, मिटत नाही. ‘‘दादाजी ने लिखवाया,’’ मुग्धा म्हणाली, ‘‘बोले, गिऱ्हाइकाले फसवायचं नाई.’’

ते टेबल आमच्याकडे आले तेव्हा आम्ही मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे एक अरुंद स्वयंपाकघर, त्यामागे पपईच्या दोन झाडांचे अंगण. बाबा रशियन मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर होते. घरात घड्याळ होते, पण ते कोणी पाहत नसे; भोंग्यावर आम्ही उठत असू आणि भोंग्यावर आईचा भात चुलीवर चढत असे. दुरून वॅगन एकमेकींना धडकल्याचा आवाज यायचा आणि मांडणीवरचे पितळी पेले किणकिणायचे. बाबा घरी आले की आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात धूत, आणि हात पुसून होण्याच्या आत दारात कोणीतरी उभे असे. कोणाच्या कुकरची शिटी बसलेली, कोणाच्या सायकलची चेन उतरलेली, कोणाचा पंखा नुसताच गुरगुरणारा. बाबा ती वस्तू कानाशी नेत, हलवत आणि मान डोलावत. काम संपल्यावर ‘झालं’ असे ते कधी म्हणत नसत. ‘‘पाहून घ्या,’’ एवढेच म्हणत. त्या दोन शब्दांतला अभिमान समजायला मला फार वर्षे लागली.

मिलमधल्या एका रशियन इंजिनिअरशी बाबांचे चांगले जमत असे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ते खडूने जमिनीवर आकृत्या काढून आणि बोटांनी मापे दाखवून बोलत, आणि बाबांच्या म्हणण्यानुसार त्यामुळेच त्यांचे कधी भांडण झाले नाही. तो साहेब मायदेशी परतायला निघाला तेव्हा त्याच्या घरातले जेवणाचे टेबल बाबांनी घेतले. सायकल रिक्षावर ते उलटे बांधून आणले होते. चारही पाय आभाळाकडे. गल्लीतली झाडून सारी मंडळी बाहेर आली. आई दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, ‘‘हे काय आनलं? मेलेलं वासरू आनल्यावानी दिसून राहिलं!’’

मग ते उतरवून सरळ उभे केले. गडद मधाच्या रंगाचा, काचेसारखा सपाट माथा. खाली निमुळते होत गेलेले चार बारीक पाय, ते देखील सरळ नाहीत, थोडे बाहेरच्या बाजूला फाकलेले. एक फूल नाही, वेल नाही, कोपऱ्याला साधी गोलाई नाही. शेजारचे साहूकाका छत्तीसगढी माणूस, मोकळ्या मनाचे. ते भोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘‘बने हे भइया, फेर एकर गोड़ मन तो भागत हें!’’ म्हणजे टेबल छान आहे, पण याचे पाय पळून चालले आहेत. आईला मात्र वेगळीच शंका होती.

‘‘याले नक्षी कावून नाई? त्याईनं अर्धंच बनवलं का?’’

‘‘हेच त्याचं डिझाइन आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘अस्सं! काईच नाई करायचं अन् त्याले डिझाइन म्हनायचं!’’

आज मुग्धाच्या त्या पानावर ‘स्वच्छ रेषा, अलंकारविरहित’ असे जे लिहिले आहे, तेच आईने त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ओळखले होते, असे मला आता वाटते. फक्त तिने ते दोष म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, मधोमध प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली आणि चारही पायांना हळदकुंकू लावून त्याला घरात घेतले.

आम्ही त्या टेबलावर सर्व काही केले. फक्त जेवलो नाही. एकदा बाबांनी हौसेने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवले होते. आईने वडाभात वाढला, आणि थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे, व माझे पाय खाली सोडलेले पाहून तिने ताटे उचलली. ‘‘पाय लटकवून जेवलं का अन्न पोटात थांबत नाई, सीधं पायात उतरते,’’ असा निकाल देऊन ती खाली बसली. आम्ही तिच्या मागोमाग उतरलो, आणि थोडा वेळ एकट्याने वर बसून बाबाही उतरले. त्यानंतर आम्ही नेहमीसारखे टेबलाच्या शेजारी, जमिनीवर जेवू लागलो. टेबलावर कोथिंबिरीच्या सांबारवड्या थंड होत, पापडाच्या लाट्या सुकत, शोभाताईच्या शिवणाचे कागद पसरत. परीक्षेच्या दिवसांत मी त्याखाली अंथरूण घालून झोपत असे, कारण पंख्याचा वारा तिथेच बरोबर येई.

त्या टेबलाची खरी गंमत मात्र त्याच्या पोटात होती. दोन्ही टोके धरून ओढले की माथा मधोमध दुभंगायचा आणि आतून एक दुमडलेली फळी वर यायची. चौघांचे टेबल पाहता पाहता आठ-दहा जणांचे व्हायचे. ज्या लाकडी पट्ट्यांवर ते सरकत असे त्या झिजल्या होत्या, त्यामुळे उघडताना ते रडक्या पोरासारखे कुरकुरत असे. बाबांना हे सहन होईना. त्यांनी रजेच्या तीन दिवसांत पोलादी पट्ट्या घासून घासून स्लाइड तयार केली आणि पिना ठोकून ती लाकडाला बसवली. काम झाल्यावर त्यांनी मला बोलावले, एका टोकावर करंगळी ठेवली आणि नुसती मागे घेतली. टेबल उघडले. आवाज नाही, हिसका नाही. ते पाण्यावरून यावे तसे आले. पुढचा महिनाभर मरोद्यातली माणसे ते पाहायला येत होती. सगळ्यांना करंगळी लावून पाहायची असे. साहूकाकी लाजत लाजत आल्या, करंगळी लावली आणि टेबल उघडताच ‘हाय दाई!’ म्हणून मागच्या मागे सरकून आईच्या अंगावर पडल्या. बाबा भिंतीला टेकून उभे राहत आणि म्हणत, ‘‘पाहून घ्या.’’

आणि मी? मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि उघडलेले टेबल पाहून मला एकच गोष्ट सुचली होती. दोन विटा, त्यांवर बाबांची लोखंडी फूटपट्टी : झाले नेट. प्लायवुडच्या बॅटी मी आणि साहूकाकांच्या पुन्नूने मिळून कापल्या. बाबा ड्यूटीवर आणि आई भाजीला गेली की आमच्या पुढच्या खोलीत टेबल टेनिस सुरू होई. टेबल रुंदीला अपुरे होते, भिंत खांद्याला लागत असे, म्हणून आम्ही आमचेच नियम केले होते. भिंतीवरून आलेला चेंडू चालतो. फुलदाणीला लागला तर दोन गुण. देवाच्या फोटोला लागला तर खेळ थांबवून नमस्कार, मग पुन्हा सर्व्हिस. शोभाताई पंच होती आणि ती उघड उघड पुन्नूच्या बाजूने निकाल देत असे, कारण पुन्नू तिला इमली आणून द्यायचा. आम्ही इतके हसत असू की कधी कधी चेंडू सापडेपर्यंत कोण कोणाविरुद्ध खेळतो आहे याचाच विसर पडे. त्या पावसाळ्यात आम्ही पूर्ण ब्लॉकची स्पर्धा लावली. एक एक करत सगळे हरले आणि शेवटी उरलो पुन्नू आणि मी. फायनल रविवारी ठरली.

त्याच सुमारास शोभाताईचे लग्न जमले. मुलगा गोंदियाकडचा, शेतकरी घरातला, रेल्वेत लागलेला. साखरपुडा पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे व्हायचा होता. आईने खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा टेबलाकडे आणि एकदा बाबांकडे पाहिले.

‘‘पाव्हने बसतीन कोठी? साखरपुडा काय टेबलाखाली करून राहिले?’’

बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला वही-पेन घेऊन बसवले आणि हिंदीत एक कागद लिहून घेतला : डाइनिंग टेबल बिकाऊ है, रशियन, एक उँगली से खुलता और बंद होता है. ‘एक उँगली’ या शब्दांखाली त्यांनी रेघ मारायला लावली. तो कागद पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात एका ओळखीच्या दुकानात चिकटवला गेला, आणि आठवडा व्हायच्या आत तिथल्याच एका लॉजच्या मालकाचा निरोप आला. शेठजी शनिवारी संध्याकाळी टेबल पाहायला येणार होते, पसंत पडले तर लगेच घेऊन जाणार होते. शनिवारी, म्हणजे फायनलच्या आदल्या दिवशी.

मी स्वतःला अनेकदा विचारले आहे की त्या दुपारी माझ्या मनात नक्की काय होते. वाईट काही नव्हते, हे मी आज शपथेवर सांगू शकेन, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे. मला फक्त एक रविवार हवा होता. शेठजींनी नंतर यावे, सोमवारी यावे, एवढेच. मी बाबांच्या डब्यातून एक टेपर पिन घेतली. ही पिन एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते. उघडलेल्या टेबलाखाली शिरून, डाव्या बाजूच्या स्लाइडमध्ये जे एक रिकामे भोक होते त्यात ती बारीक तोंडाने घातली आणि हातोडीने पूर्ण बसवली. आता स्लाइड हलणार नव्हती. वरून ग्रीस फासले. बाबांनी ठोकलेल्या पिनांच्या रांगेत तीही त्यांच्यासारखीच दिसू लागली. फिटरचा मुलगा असूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. टेपर पिन जिकडून गेली तिकडेच परत येते, आणि त्यासाठी तिच्या बारीक तोंडावर ठोकावे लागते. ते बारीक तोंड आता वर, माथ्याच्या लाकडाआड गेले होते. तिथे हातोडी तर सोडाच, सुईसुद्धा पोचली नसती.

शेठजी आले ते छत्री झटकत, हसत हसत. त्यांच्याबरोबर हातगाडीवाले दोघे. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबल उघडेच होते, म्हणून ते म्हणाले, ‘‘पहले बंद करके दिखाता हूँ,’’ आणि करंगळी लावली. मग चार बोटे. मग तळहात. मग दोन्ही हात आणि गुडघा. टेबल मिटेना. गाडीवाले पुढे झाले, मी पुढे झालो, पुन्नू खिडकीतून उडी मारून आत आला. आम्ही पाच जणांनी रेटले आणि अख्खे टेबलच घसरत घसरत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन अडकले. तिथून आईचा आवाज आला, ‘‘अवो, मले बाहेर तर येऊ द्या!’’ शोभाताईला हसू आवरेना. मलाही आवरत नव्हते; भीतीने येणारे हसू आणि खरे हसू यांत बाहेरून फरक दिसत नाही. बाबांनी टॉर्च घेऊन खाली पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बाहेर येऊन गुडघे झटकले.

‘‘बारिश में लकड़ी फूल गई,’’ ते म्हणाले. ‘‘मैंने गैप कम रखा. लोहे के हिसाब से रखा.’’

शेठजी भले माणूस होते. त्यांनी चहा घेतला, टेबलाची तारीफ केली आणि जाता जाता अगदी सहज म्हणाले, ‘‘कोई बात नहीं मिस्त्री जी, लोहा अलग चीज़ है, लकड़ी अलग.’’ बाबांनी मान हलवली. गिऱ्हाइकाकडून काम परत आल्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

फायनल ठरल्याप्रमाणे रविवारी झाली. तिच्याविषयी मला इथे लिहिण्याची इच्छा नाही. त्या रात्रीच मी पिन काढायला खाली शिरलो आणि माझ्या लक्षात आले की ती निघणार नाही. सांगायचे, तर तेव्हाच सांगायला हवे होते. परंतु घरात साखरपुड्याची धांदल सुरू झाली होती. पुरणाचा वास, उसनी पातेली, भावकीतल्या बायका. आणि या सगळ्याच्या मधोमध दहा माणसांचे टेबल आडवे पडलेले. दार अर्धेच उघडत होते. आत-बाहेर करायला सगळे टेबलाखालून जात. आई हातात परात घेऊन वाकून खाली शिरे आणि पलीकडून निघताना प्रत्येक वेळी त्या इंजिनिअरच्या घराण्याचा उद्धार करी.

पाहुणे पावर हाउस स्टेशनवर उतरून आले. सर्वांत पुढे मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे नानाजी म्हणत. पांढरे धोतर, डोक्याला फेटा, पाऊणशे वर्षांचा ताठ माणूस. बाबांनी शेजारच्या चार घरांतून खुर्च्या आणून टेबलाभोवती मांडल्या होत्या आणि ते नानाजींना खुर्ची दाखवणार, तोच नानाजींनी पाय धुतले, टेबलावर तळहात ठेवून ते दाबून पाहिले, खुर्चीवर एक पाय दिला आणि वर चढून टेबलाच्या मधोमध मांडी घालून बसले.

‘‘वा!’’ ते म्हणाले. ‘‘पंगतीसाठी लाकडाचा ओटा केला का? झकास! बसा ना, उभे कावून?’’

 मुलीकडच्यांनी नानाजींना काय सांगावे? मुलाचे वडील एकदा बाबांकडे पाहून, एकदा नानाजींकडे पाहून, मुकाट्याने वर चढले. मग मुलाचे दोन काका. मग खुद्द नवरदेव, नवी पँट सावरत. ‘‘समधी, तुमी खाली कसे? या!’’ म्हणून नानाजींनी हात पुढे केला आणि बाबांनाही वर ओढून घेतले. सहा पुरुष माणसे त्या पळून निघालेल्या पायांच्या टेबलावर मांडी घालून बसली आणि त्यांची डोकी जवळजवळ पंख्याला लागू लागली. साहूकाकींनी पंखा बंद करण्यासाठी अशी झेप घेतली, की तशी मी परत कधी पाहिली नाही. आई ताटे घेऊन भोवती फिरू लागली. चौरंगावरच्या देवांना नैवेद्य दाखवावा तशी ती खालून वर वाढत होती आणि पदरात तोंड खुपसून हसत होती. शेवटी शोभाताईलाही दोघींनी धरून वर चढवले. साखरेचा पुडा तिच्या हातात पडला तो टेबलावरच. नवरदेवाने तिला पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा ती हसू दाबण्यासाठी ओठ चावत होती, आणि मग तोही हसला. मला वाटते त्यांचे लग्न खरे तिथेच लागले.

हे मला शोभाताईने नंतर सांगितले; त्या क्षणी मी टेबलाखाली होतो. बाबांनी वर चढताना माझ्या कानात सांगितले होते, ‘‘खाली जा, पायाकडे लक्ष ठेव. आवाज आला का मले सांग.’’ मी उकिडवा बसलो होतो. वर सात माणसांचे हसणे, ताटांचा खडखडाट, फटीतून पडणारी बुंदी. आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, ग्रीसमध्ये चमकणारी माझी पिन. थोड्या वेळाने रुमालाची कड बाजूला झाली आणि बाबांचा उलटा चेहरा खाली डोकावला.

‘‘आवाज येऊन राहिला का बाबू?’’

‘‘नाई बाबा.’’

‘‘लाकूड पक्कं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘माझंच काम कच्चं निघालं.’’ आणि चेहरा वर गेला.

लाकडी ओट्याची कीर्ती गोंदियापर्यंत पोचली आणि पुढची कित्येक वर्षे लग्नाकार्यात ती गोष्ट सांगून लोक हसत राहिले. आजही शोभाताई ती सांगते तेव्हा मी हसतो. त्या हसण्याच्या आड जे घडले ते हळूहळू घडले, त्यामुळे कोणी पाहिले नाही. मिलमध्ये ‘मिस्त्री, टेबल मिटलं का?’ हा रोजचा विनोद झाला. कोणी कुकर घेऊन आला तर बाबा तो हातात न घेता म्हणू लागले, ‘‘दुकानात दाखवून द्या, तेथी चांगला करतीन.’’ हत्यारांची पिशवी माळ्यावर गेली. थंडीत, लाकूड वाळले असेल म्हणून, त्यांनी एकदा स्लाइडला मेण लावून पाहिले. एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी. मी त्या दिवशी जोर लावण्याचे नाटक केले नाही. मी खरोखर, अंगात होता तेवढा सगळा जोर लावला. ते नाटकापेक्षा वाईट होते. ते मिटले नाही, तेव्हा बाबा माझीच समजूत घालत म्हणाले, ‘‘राहू दे. तुह्या हाताले लागंन.’’

मागच्या रविवारी मुग्धाचे पान पाहून रायपूरहून एक तरुण जोडपे आले. दोघेही वास्तुरचनाकार. टेबल पाहताच ती मुलगी टाळी वाजवून नाचलीच; तिने त्या पायांवरून असा हात फिरवला जसा आम्ही कोणी कधी फिरवला नव्हता. मिटत नाही याची त्यांना मुळीच फिकीर नव्हती. ‘‘हमें तो बड़ा ही चाहिए, अंकल.’’ सौदा ठरल्यातच जमा होता. एवढ्यात बाहेरच्या खुर्चीवरून बाबा काठी टेकत आत आले. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे आणि मिलच्या आवाजाने त्यांचे कान केव्हाच गेले आहेत. कानाचे यंत्र ते लावत नाहीत. त्यात परत मिल वाजते म्हणतात. ते त्या दोघांसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

‘‘बेटा, लेने से पहले सुन लो,’’ ते म्हणाले. ‘‘चीज़ अच्छी थी. मैंने बिगाड़ी. स्लाइड मेरे हाथ से गलत बैठी. माफ़ करना.’’

माझ्या वडिलांनी माझ्या गुन्ह्याबद्दल दोन अनोळखी मुलांची माफी मागितलेली मी उघड्या डोळ्यांनी पाहिली.

‘‘बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘ते तुमच्यानं नाई अडकलं.’’

त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली; ऐकू आले नव्हते. जन्मभर हळू बोललेल्या माणसाला क्षमा मागायची वेळ आली ती अशा माणसापुढे, ज्याच्याशी हळू बोलताच येत नाही! मी छाती भरून घेतली आणि ओरडलो. माझ्यात असा आवाज आहे हे मला माहीत नव्हते. समोरच्या गॅलरीत बायका आल्या, शेजारचा कुत्रा भुंकू लागला.

‘‘पिन मी ठोकली होती! टेपर पिन! तुमच्या डब्यातली!’’

बाबांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी विचारले, ‘‘कोन्या बाजूनं?’’

‘‘डाव्या! खालून!’’

‘‘कितीची?’’

‘‘सहा एमएमची!’’

त्यांनी डोळे मिटले, जणू आतल्या आत नकाशा उलगडत होते. ‘‘खालून गेली... मंजे बारीक तोंड वर. मंग निघनार कशी?’’ डोळे उघडून ते म्हणाले, ‘‘पन कावून?’’

‘‘टेबल टेनिसची फायनल होती, बाबा!’’

मुग्धा पायरीवर मटकन बसली आणि पोट धरून हसू लागली. ती रायपूरची मुलगीही हसू लागली, तिला शब्द किती कळले कोण जाणे. बाबांचे खांदे हलू लागले, आणि मला क्षणभर कळेना की ते हसत आहेत की दुसरे काही.

‘‘जिंकला का?’’

‘‘हरलो! सात मिनिटात!’’

आता ते खरोखर हसले, दात नसलेल्या तोंडाने, काठी थरथरेपर्यंत. हसता हसता थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून जवळ आले आणि ज्या हळू आवाजात मी आयुष्यभर बोललो त्या आवाजात त्यांनी विचारले, ‘‘मंग स्लाइड बरोबर होती?’’

‘‘बरोबर होती, बाबा!’’ मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलो. ‘‘तुमची स्लाइड बरोबर होती! तुमचा हात नाई चुकला, मी चुकलो! चाळीस वर्षं मी तुमाले सांगितलं नाई! मले माफ करा, बाबा! मले माफ करा!’’